टक्का कशावर? वाणिज्य गणिताचा पहिला धडा



गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या गट ऑफिसात एक सभासद ऊस नोंदीसाठी आले होते. नोंद झाली, चहा झाला, तरी ते उठेनात. शेवटी म्हणाले, "साहेब, पोरगी दहावी-बारावी चांगली झाली. आता पनवेलला मामाकडं ठेवलीया, कॉमर्सला. तिथंबी गणित हाय म्हणं, धंद्याचं. आपला धंदा उसाचा. पोरीनं ते शिकून काय उपेग?"

आम्ही त्यावेळी वेळ मारून नेली. "बँकेत लागेल," एवढेच म्हणालो. खरे उत्तर आम्हांला त्यांच्या मुलीकडूनच मिळाले, आणि ते थोडे बोचणारे आहे. म्हणून हा लेख.

आमची चूक

ह्याच सभासदांनी यंदा उन्हाळ्यात पॉवर टिलर घेतला. एक लाख रुपये उसने काढायचे होते. बँक १२ टक्के सांगत होती, कागदपत्रेही बरीच मागत होती. दुसरीकडे एक खाजगी पतपुरवठादार १० टक्के म्हणत होता आणि दोन दिवसांत पैसे देतो म्हणत होता. त्यांनी आम्हांला विचारले. आम्ही म्हणालो, "बारापेक्षा दहा बरे." त्यांनी सही केली.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली. तिने कर्जाचा कागद पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, "दहा टक्के कशावर?" मग वजनपावतीच्या कोऱ्या बाजूवर तिने जो हिशेब मांडला, तो वडिलांनी आमच्या टेबलावर आणून ठेवला. तो असा :

दहा टक्के 'फ्लॅट' म्हणजे तिन्ही वर्षे पूर्ण एक लाखावर व्याज. वर्षाला १०,०००, तीन वर्षांचे ३०,०००. एकूण १,३०,००० रुपये भागिले ३६ महिने; हप्ता सुमारे ३,६११ रुपये. पण प्रत्येक हप्त्यागणिक मुद्दल फिटत जाते. शेवटच्या महिन्यात अंगावर फक्त एका हप्त्याएवढे कर्ज उरलेले असते, व्याज मात्र तेव्हाही अख्ख्या लाखावरच चालू.

बँकेचे १२ टक्के घटत्या शिलकेवर होते, म्हणजे जेवढे कर्ज शिल्लक तेवढ्यावरच व्याज. तेथे हप्ता पडला असता सुमारे ३,३२१ रुपये आणि तीन वर्षांचे व्याज सुमारे १९,५७०. फरक दहा हजार चारशेच्या वर. बँकेच्या पद्धतीने मोजले तर त्या 'दहा टक्क्यां'चा खरा दर जवळजवळ १८ टक्के होतो.

आम्ही कृषी पदविकाधारक. लागणीची खोली, नत्राची मात्रा, बेणे प्रक्रिया, काहीही विचारा, सांगू. पण हा हिशेब आम्हांला कोणी शिकविला नव्हता आणि आम्हीही कधी विचारला नव्हता. त्या सभासदांचे सहा हप्ते तोवर गेले होते. ते एवढेच म्हणाले, "असू द्या साहेब, तुम्ही काय मुद्दाम केलं न्हाई." ते बरोबर आहे, पण दहा हजार त्यांचे गेले, आमचे नाही.

हे गणित आहे तरी काय?

पनवेलला रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आहे. कर्मवीरांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी जी संस्था लावली, तिचीच ही फांदी. ते महाविद्यालय मुंबई विद्यापीठाला जोडलेले आहे. ह्या विद्यापीठात वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला 'मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स' ह्या नावाचा पेपर अनेक वर्षे होता. अभ्यासक्रम बदलतात, नावे बदलतात. गाभा तोच राहतो. त्यात शेअर व लाभांश येतो, सरळव्याज व चक्रवाढव्याज येते, समान हप्त्यांचा हिशेब येतो, सरासरी येते, किमतींचा निर्देशांक येतो. 'लिनियर प्रोग्रॅमिंग' नावाचा एक भाग आहे. नाव अवघड, गोष्ट आपल्या घरातली. पाणी एवढे, जमीन एवढी, मजूर एवढे, तर कोणते पीक किती घेतले म्हणजे जास्त पैसा सुटेल, हे त्यात काढतात.

ह्यातील बहुतेक आकडेमोड सातवीपर्यंतच्या गणितावर उभी आहे. नवीन शिकायचे ते प्रश्न विचारणे. टक्का ऐकला की तीन प्रश्न विचारायचे : कशावर? किती काळासाठी? आणि पैसे कोणत्या तारखेला?

पनवेलच्या शेतकऱ्याचा टक्का

ह्या प्रश्नाची किंमत पनवेलच्या लोकांना चांगली ठाऊक आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. भाताची खाचरे, मिठागरे गेली. कै. दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तिकडे 'साडेबारा टक्के' हा शब्द आजही पोराटोरांच्या तोंडी आहे.

आता हिशेब करा. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सामाजिक सोयींसाठी पावणेचार टक्के वजा, म्हणजे दीड गुंठा. हाती राहिले साडेतीन गुंठे, म्हणजेच पावणेनऊ टक्के. ही वजावट कोणी 'पावणेचार टक्के' म्हणेल, कोणी 'तीस टक्के' म्हणेल. दोन्ही खरे! पावणेचार हे मूळ ४० गुंठ्यांवर, तीस हे मिळालेल्या ५ गुंठ्यांवर. टक्का कशावर हे न विचारणारा माणूस येथे हमखास घोटाळ्यात पडतो.

आपल्या उसाचा टक्का

आता आपल्या शिवारात या. 'उतारा एक टक्का वाढला तर दर एक टक्का वाढेल' असे समजणारे सभासद आम्हांला नेहमी भेटतात. तसे नाही. उताऱ्याचा टक्का हा उसाच्या वजनावर असतो. १०.२५ टक्के म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर. तो ११.२५ झाला तर साखर एका किलोने वाढली. सव्वादहावर एक म्हणजे जवळजवळ पावणेदहा टक्के वाढ.

२०२५-२६ हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरविली आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे ११.२५ टक्क्यांना ३८९ रुपये ६० पैसे, टनाला ३,८९६. मूळच्या ३,५५० वर ३४६ रुपयांची वाढ. ह्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, हे ध्यानात ठेवावे. पक्व ऊस, वेळेवर तोड, बिनपाचटाचा ऊस ह्यांबद्दल आम्ही दरवर्षी कानीकपाळी का ओरडतो, ते ह्यावरून कळावे.

तारखेचा प्रश्नही तसाच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे, आणि उशीर झाल्यास सालीना १५ टक्के व्याज. तीन लाखांचे बिल मुदतीनंतर तीस दिवस रखडले तर व्याज होते सुमारे ३,६९९ रुपये. कारखान्याच्या नोकराने हे छापावे का, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे, सभासद हाच कारखान्याचा मालक, आणि मालकाला हिशेब आलाच पाहिजे.

सरासरीतही गफलत होते. अर्धा एकर ठिबकवरील लागण एकरी ६० टनांनी आणि दोन एकर खोडवा एकरी ३० टनांनी निघाला. लोक म्हणतात सरासरी ४५. प्रत्यक्षात ३० अधिक ६० मिळून ९० टन, भागिले अडीच एकर, सरासरी ३६. खोडव्याकडे दुर्लक्ष का करू नये, हे ह्या एका भागाकारात आहे.

आणि गावातला 'शेकडा दोन रुपये'? तो महिन्याचा. सालाचा २४, आणि व्याजावर व्याज चढले तर २६.८ टक्के.

मग आम्ही काय करावे?

मुलगा किंवा मुलगी वाणिज्य शाखेला जात असेल तर 'कारकुनी शिक्षण' म्हणून नाक मुरडू नका. मधेच शाळा सुटलेल्यांसाठी १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे; नोकरी-शेती सांभाळून शिकता येते. आणि कोठेही जाणे शक्य नसेल तर निदान एवढे करा : कर्जाचा कागद, ऊस बिल, विम्याचा अर्ज घरातल्या शिकत्या पोराला किंवा पोरीला वाचायला द्या, आणि सही त्यानंतर करा. पोर चुकले तरी हरकत नाही, प्रश्न तर विचारला जाईल.

ज्यांना असा कागद आम्हांला दाखवायचा असेल त्यांनी गट ऑफिसात अवश्य यावे. यापुढे 'बारापेक्षा दहा बरे' असे उत्तर आमच्याकडून मिळणार नाही. आधी पेन्सिल काढू, मग बोलू.

ते सभासद परवा पुन्हा भेटले. आम्ही विचारले, "पोरगी काय म्हणते?" हसून म्हणाले, "आता माझ्याच बिलाचा हिशेब मागतीया. म्हणती, दादा, टक्का कशावर?"

कळावे,

ऊस विकास अधिकारी