विश्लेषण : पावसाळी ट्रेकआधी उतरण्याचा सराव का हवा?

मृगाच्या सरी सुरू झाल्या की सह्याद्रीतल्या गडकिल्ल्यांवर गर्दी होते. मात्र त्याआधीचे दोन-अडीच महिने उन्हामुळे अनेकांची डोंगरवारी बंद असते आणि व्यायामही सुटतो. अशा शरीराने पहिल्याच रविवारी कळसूबाई गाठल्यास चढताना धाप लागते, पण खरी परीक्षा उतरताना होते. मांड्या थरथरू लागतात आणि शेवाळलेल्या खडकावर पाय सावरता येत नाही. गाडीरस्त्यापासून दूर मुरगळलेला घोटा संपूर्ण गटाला अडचणीत आणतो.

विश्रांतीच्या काळात काय बदलते?

व्यायाम थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांतच दमसास कमी होऊ लागतो. हृदयाच्या एका ठोक्यात पूर्वीपेक्षा कमी रक्त पुढे ढकलले जाते. त्यामुळे तेवढ्याच चढाला ठोके अधिक वाढतात. सराव सुरू केल्यावर दमसास तुलनेने लवकर परततो. स्नायू आणि हाडे यांना जोडणाऱ्या कंडरा मात्र सावकाश बळकट होतात. म्हणूनच दम लागत नाही, याचा अर्थ गुडघे तयार झाले, असा होत नाही.

उतरल्यावर पाय का दुखतात?

चढताना मांडीचे पुढचे स्नायू आकुंचन पावून शरीर वर उचलतात. उतरताना हेच स्नायू ताणले जात असताना ब्रेकचे काम करतात. सवय नसेल तर त्यांना सूक्ष्म इजा होते. हे दुखणे २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते. रविवारी ट्रेक केलेल्यांना मंगळवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तो यामुळेच. दिलासा असा, की उतरण्याचा थोडा ताण आधी दिला तर स्नायू जुळवून घेतात आणि हा परिणाम काही आठवडे टिकतो.

जिन्याचा हिशेब काय सांगतो?

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. पायथ्याच्या बारी गावापासूनचा चढ सुमारे ८०० मीटरचा आहे. एक मजला ३ मीटरचा धरल्यास हे २६५ हून अधिक मजले होतात आणि तेवढेच पुन्हा उतरायचे असतात. दहा मजल्यांच्या तीन फेऱ्या म्हणजे जेमतेम ९० मीटर. अनेक जण सरावासाठी जिना चढतात आणि लिफ्टने खाली येतात. ट्रेकच्या दृष्टीने हा सराव अर्धाच ठरतो.

सहा आठवडे कसे आखावेत?

पहिले दोन आठवडे : आठवड्यातून पाच दिवस, सकाळी ऊन चढण्याआधी ३० ते ४० मिनिटे भरभर चालावे. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, एवढाच वेग ठेवावा.

तिसरा-चौथा आठवडा : एक दिवसाआड जिना चढावा आणि सावकाश उतरावा. खुर्चीवर हळूहळू बसून उठणे आणि एका पायावर ३० सेकंद उभे राहणे हे व्यायामही करावेत. दुसऱ्या व्यायामाने तोल सुधारतो.

पाचवा-सहावा आठवडा : पाठीवर चार-पाच किलोंची सॅक घेऊन जवळची टेकडी गाठावी. पुण्यात पर्वती किंवा वेताळ टेकडी, नाशिकमध्ये पांडवलेणी हे सोयीचे पर्याय आहेत. ट्रेकचेच बूट घालावेत, म्हणजे ते कुठे चावतात ते आधीच कळते. ट्रेकआधीचे दोन दिवस पायांना विश्रांती द्यावी.

थांबायचे कधी?

स्नायूंचे बोथट दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते. गुडघ्यात तीव्र कळ येत असेल किंवा सूज असेल, तर सराव थांबवावा. छातीत दुखणे, चक्कर किंवा विश्रांतीनंतरही न ओसरणारी धाप असेल, तर तातडीने डॉक्टरांकडे जावे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी सराव सुरू करण्याआधीच तपासणी करून घ्यावी. सहा आठवडे हाती नसतील, तर पहिला ट्रेक छोट्या किल्ल्याचा निवडावा. कळसूबाई महिनाभराने करता येईल.