टचडाउनआधी टार्गेट

७ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री बाल्टिमोरमध्ये सिनसिनाटी बेंगल्सच्या जमार चेसने ११ पास झेलले, २६४ यार्ड मिळवले आणि तीन टचडाउन केले. बेंगल्स तो सामना ३४–३५ असा एका गुणाने हरले. सिनसिनाटीचे चाहते हात चोळत बसले, पण ज्यांनी फँटसी संघात चेसला घेतले होते त्यांच्या खात्यात या एका खेळाडूने ५५ गुण टाकले होते. अमेरिकन फुटबॉलचा हा फँटसी खेळ १९६२ साली सुरू झाला. ओकलंड रेडर्स संघात भागीदारी असलेल्या बिल विंकनबाख यांनी त्याची कल्पना काढली. आपल्याकडे मुंबईच्या ड्रीम ११ मुळे जो फँटसी क्रिकेटचा प्रकार घरोघरी पोहोचला, त्यापेक्षा याची रीत वेगळी आहे. दहा-बारा ओळखीची माणसे मिळून एक लीग करतात, हंगामापूर्वी आळीपाळीने खेळाडू निवडतात, आणि एकाने निवडलेला खेळाडू त्या लीगमध्ये दुसऱ्या कुणालाच मिळत नाही. त्यामुळे चेस चांगला आहे एवढे कळून भागत नाही. त्याला कितव्या फेरीत घ्यावे, आणि तो हातचा गेला तर त्याच्याच संघातला दुसरा रिसीव्हर कितपत उपयोगाचा, हा खरा प्रश्न असतो.

गुणांचा हिशेब सोपा आहे. प्रचलित पद्धतीत प्रत्येक झेलाला एक गुण, दर दहा यार्डांना एक गुण आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेण्याला, सहा गुण. वाइड रिसीव्हर म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहून वेगाने पुढे धावणारा आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा गडी. त्याच्या कामाची अडचण अशी की चेंडू मागून मिळत नाही. तो मोकळा सुटला तरी क्वार्टरबॅकचे लक्ष दुसरीकडे असेल, तर ती धाव हिशेबात कुठेच लागत नाही. ट्वेंटी-ट्वेंटीत सातव्या क्रमांकावर येणारा फलंदाज कितीही तडाखेबंद असला तरी त्याच्या वाट्याला येणारे चेंडू मोजकेच, हे क्रिकेट पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. रिसीव्हरच्या बाबतीत याच चेंडूंना ‘टार्गेट’ म्हणतात. पास त्याच्या दिशेने फेकला गेला की ते टार्गेट, मग तो झेलला जावो वा सुटो. एखाद्या संघाच्या रिसीव्हरांची किंमत ठरवताना सुरुवात टचडाउनपासून करू नये. आधी संघ एकूण किती पास फेकतो ते पाहावे, मग त्यातला किती वाटा कुणाकडे जातो ते पाहावे, आणि टचडाउन अगदी शेवटी, तेही थोड्या संशयानेच मोजावेत, असे माझे म्हणणे आहे.

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? २०२४ च्या हंगामात बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो याने ६५२ पास फेकले. त्याच विभागात खेळणाऱ्या बाल्टिमोर रेव्हन्सचा लमार जॅक्सन त्या वर्षी अप्रतिम खेळला. त्याचे ४१ टचडाउन पास होते आणि फक्त चार पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागले. पण त्याने एकूण पास फेकले ४७४. रेव्हन्सकडे डेरिक हेन्रीसारखा चेंडू घेऊन धावणारा दांडगा गडी होता, त्याने एकट्याने १,९२१ यार्ड धावून मिळवले, मग फेकाफेकी करायची कशाला? याचा फटका त्यांचा रिसीव्हर झे फ्लावर्सला बसला. संघाच्या पासेसपैकी साधारण चौथा हिस्सा त्याच्याकडे येत होता, म्हणजे चेसच्या वाट्याहून फार कमी नाही. तरी त्याची टार्गेट ११६ झाली आणि चेसची १७५. टचडाउन बाजूला ठेवून केवळ झेल आणि यार्ड यांचे गुण काढले तर चेसचे २९७.८ होतात आणि फ्लावर्सचे १७९.९. यात गंमत अशी की रेव्हन्स बारा सामने जिंकून विभागात पहिले आले आणि बेंगल्स नऊ जिंकूनही प्लेऑफला मुकले. बेंगल्सचा बचाव इतका कच्चा होता की संघाला शेवटपर्यंत गुणांचा पाठलाग करावा लागे आणि पाठलाग म्हणजे पास. संघ चांगला म्हणजे त्याचे रिसीव्हर फायद्याचे, हा समज इथे साफ खोटा ठरतो. फँटसीवाल्याला हवा असतो चांगला क्वार्टरबॅक आणि ढिसाळ बचाव. संघाच्या निष्ठावंताला ही इच्छा बोलून दाखवायची सोय नाही, ही गोष्ट वेगळी.

आता वाट्याकडे वळू. चेसच्या पहिल्या तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. २०२१ मध्ये तो नवखा होता. ८१ झेल, १,४५५ यार्ड, १३ टचडाउन. प्रत्येक झेलामागे १८ यार्ड ही थक्क करणारी सरासरी होती. पुढच्या वर्षी बचाव करणाऱ्या संघांनी दोन गडी खूप मागे उभे करून लांब पासेसची वाट अडवली आणि सरासरी १२ यार्डांवर आली. त्याच्या खेळातली सगळ्यात नेत्रदीपक गोष्टच निघून गेली म्हणायला हरकत नाही. तरी त्याचे दर सामन्याचे फँटसी गुण १७.९ वरून २०.५ वर गेले, कारण दर सामन्यातली टार्गेट साडेसातवरून अकराच्या वर गेली होती. २०२३ मध्ये टार्गेट पुन्हा नवाच्या आसपास उतरली आणि गुण १६.५ वर आले. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी दर टार्गेटमागे त्याने मिळवलेले गुण जवळजवळ सारखेच आहेत, १.८३ आणि १.८२. म्हणजे चेंडू समोर आल्यावर तो करत होता तेच आणि तेवढेच, बदलत होती ती चेंडू येण्याची संख्या.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. टचडाउनला सहा गुण मिळतात, मग जो टचडाउन करतो तोच मौल्यवान नाही का? झालेल्या हंगामाकडे पाहून बोलायचे तर आहेच. २०२४ मध्ये चेसने झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत सगळ्या संघांच्या रिसीव्हरांमध्ये पहिला क्रमांक मिळवला, आणि त्यात १७ टचडाउनचे १०२ गुण होते. पण निवड करायची असते येणाऱ्या हंगामासाठी, आणि टचडाउन एका वर्षातून दुसऱ्या वर्षात तसेच्या तसे जात नाहीत. याला डेट्रॉइट लायन्सच्या कॅल्विन जॉन्सनइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण. २०११ मध्ये त्याचे १६ टचडाउन होते. पुढच्या वर्षी त्याने १,९६४ यार्ड मिळवले, इतके तोवर एका हंगामात झेलांतून कुणीच मिळवले नव्हते, आणि टचडाउन झाले फक्त पाच. गोलरेषेच्या एक-दोन यार्ड अलीकडे पकडले जाणे, तिथून पुढे दुसऱ्याच कुणाच्या हाती चेंडू देण्याचा प्रशिक्षकाचा निर्णय, अशा बारीकसारीक गोष्टींवर ते ठरत असते. तरीही आजच्या पद्धतीने मोजले तर २०११ चे त्याचे गुण ३६० आणि २०१२ चे ३४८. अकरा टचडाउन कमी होऊनही फरक बारा गुणांचा. लायन्सच्या क्वार्टरबॅकने त्या वर्षी ७२७ पास फेकले होते, त्यांतले दोनशेहून अधिक जॉन्सनकडे गेले, आणि चेंडूंच्या त्या राशीने टचडाउनची तूट भरून काढली. संघाने सोळापैकी चारच सामने जिंकले, हेही जाता जाता लक्षात घ्यावे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टार्गेट काही आकाशातून पडत नाहीत. क्वार्टरबॅक चेसकडे चेंडू फेकतो कारण तो मोकळा सुटतो, म्हणजे शेवटी गुणवत्ताच मोजायला हवी. हे मान्यच करायला हवे. किंबहुना टार्गेटचा आकडा विश्वासार्ह ठरतो तो यामुळेच. रोज सराव पाहणारे प्रशिक्षक आणि क्वार्टरबॅक यांचे त्या खेळाडूविषयीचे मत त्यात उतरलेले असते. आपण दूरचित्रवाणीवर चार झेल पाहून बनवलेल्या मतापेक्षा ते नक्कीच बरे. चेसच्या पदार्पणाच्या वर्षी हंगामपूर्व सामन्यांत त्याच्या हातून पास सुटले, तेव्हा केवढी ओरड झाली होती! अनेकांनी त्याला आपल्या यादीत खाली ढकलले. सुटलेले झेल डोळ्यांत भरतात, पण चेंडू त्याच्याकडे फेकला जातोय ही त्यामागची गोष्ट नजरेतून निसटते. वर्षाअखेर तो सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला.

एकाच संघाचे सगळे रिसीव्हर एकत्र तोलायचे म्हटले की आणखी एक शंका हमखास येते. पहिल्याने इतके खाल्ल्यावर दुसऱ्याला काय उरणार? बेंगल्सच्या टी हिगिन्सकडे पाहावे. २०२४ मध्ये तो १२ सामने खेळला, १०९ टार्गेट, ७३ झेल, ९११ यार्ड, १० टचडाउन. दर सामन्याला नऊ टार्गेट आणि १८.७ गुण, तेही त्या वर्षीच्या अव्वल रिसीव्हरच्या शेजारी खेळून. बरो सामन्याला सरासरी ३८ पास फेकत होता, त्यातून दोघांचे पोट भरत होते. फ्लावर्सच्या शेजारी उभ्या असणाऱ्याला ही चैन नव्हती. पण तिसऱ्या क्रमांकावर आले की बेंगल्सकडचाही साठा आटतो. आंद्रेई योसिव्हासने ३६ झेल आणि सहा टचडाउन केले, दर सामन्याला गुण सातच. असा खेळाडू कुणाच्याही संघात नसताना लीगमध्ये मोकळा पडलेला असतो, म्हणून त्याची किंमत जवळपास शून्य धरावी.

तिसऱ्या जागेबद्दल एक लोकप्रिय चूक इथेच नोंदवायला हवी. २०२३ नंतर टायलर बॉइड संघ सोडून गेला, त्याच्याकडे वर्षाला जाणारे शंभराच्या जवळपास पास मोकळे झाले, आणि ते जणू खुर्चीबरोबर वारसाला मिळणार असे धरून बेंगल्सने नवोदितांच्या निवडीत तिसऱ्या फेरीत घेतलेल्या जर्मेन बर्टनवर बऱ्याच जणांनी आशा लावली. त्याने हंगामभरात चार झेल घेतले. मोकळे झालेले पास चेसकडे गेले, हिगिन्सकडे गेले, टाइट एंड, म्हणजे अडवणे आणि झेलणे अशी दोन्ही कामे करणारा गडी, माइक गेसिकी याच्याकडे आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या चेस ब्राउनकडे गेले. वाटा ज्याच्या त्याच्या कुवतीने मिळतो, रिकाम्या जागेने मिळत नाही. दुसरा आक्षेप घेणाऱ्यांनी हे उदाहरण आपल्या बाजूने वापरले तर त्यांना अडवता येणार नाही.

राहता राहिला क्वार्टरबॅक. पास फेकणाराच बदलला तर सगळे गणित कोसळणार नाही का? थोडे कोसळते, पण वाटते तितके नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बरोचे मनगट दुखावले आणि उरलेले सात सामने जेक ब्राउनिंग खेळला. त्या हंगामातही चेसचे दर टार्गेटमागचे गुण आधीच्या वर्षाइतकेच राहिल्याचे वर आलेच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बरोच्या पायाचा अंगठा दुखावला तेव्हा मात्र आधी दाणादाण उडाली. ब्राउनिंगच्या हाती संघ असताना एका सामन्यात बेंगल्सचे दहा गुण झाले, पुढच्यात तीन. सगळा संघच मैदानाच्या मध्याच्या पलीकडे जात नसेल तर रिसीव्हर काय करणार? मग ऑक्टोबरमध्ये चाळिशीतला जो फ्लॅको क्लीव्हलंडहून आणला गेला. संघात येऊन दहा दिवसही झाले नव्हते, तोच त्याने पिट्सबर्गविरुद्ध चेसकडे २३ वेळा चेंडू फेकला आणि चेसने १६ झेलले. क्वार्टरबॅक बरोसारखा असामान्य असण्याची गरज नाही. तो एका मर्यादेच्या वर असावा आणि त्याने चेंडू हवेत ठेवावा, एवढे पुरते. त्या मर्यादेखाली मात्र टार्गेटचा आकडाही फसवतो, हे माझ्या मांडणीतले खरे छिद्र आहे.

एवढे सगळे मोजल्यावर किंमत लावायची. चेसबद्दल वाद उरत नाही. २०२५ च्या निवडीत बहुतेक ठिकाणी तो अगदी वरच गेला, म्हणजे त्याच्याकडून जे मिळणार त्याची पुरी किंमत आधीच मोजली गेली होती आणि त्या किमतीत आदल्या वर्षीचे १७ टचडाउनही धरलेले होते. नफा निघण्याची शक्यता दुसऱ्याकडे असते. हिगिन्सवरचा नेहमीचा ठपका दुखापतींचा, आणि तो खोटा नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही हंगामांत तो बाराच सामने खेळला. पण तो नसलेल्या आठवड्यात फँटसी संघ एक गडी कमी घेऊन खेळत नाही, बाकावरचा दुसरा कुणीतरी त्याच्या जागी उतरतो. तो साधारण आठ गुण देणारा धरला तर पाच सामन्यांचे चाळीस होतात. हिगिन्सच्या २०२४ मधल्या २२४ गुणांत ते मिळवले की त्या जागेचे वर्षाचे २६४ गुण भरतात. चेसने २०२३ च्या हंगामात झेल, यार्ड आणि टचडाउन मिळून एवढेच कमावले होते, आणि त्याला घ्यायला पहिली फेरी खर्चावी लागली होती.