निराधार बालकांची सेवा : धाराशिव जिल्ह्याचा अनुभव आणि स्वयंसेवकांचे कर्तव्य

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांना भूकंपाचा भीषण हादरा बसला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदांचे ओझे झोपलेल्या माणसांच्या अंगावर कोसळले. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि सध्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर या परिसरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. जी बालके वाचली, त्यांपैकी अनेकांचे आईवडील ढिगाऱ्याखाली गेले होते.

त्यानंतरच्या काही दिवसांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आणि परदेशांतूनही मदतीचा ओघ सुरू झाला. धान्य, कपडे, औषधे आणि त्यांच्यासोबत हजारो स्वयंसेवक आले. त्या प्रसंगी त्यांनी केलेली सेवा अमोल होती. परंतु मूल वाढविणे हे काही दिवसांत उरकणारे काम नव्हे. सहा वर्षांचे मूल सज्ञान होण्यास बारा वर्षे लागतात. शिबिरे उठल्यावर, वर्तमानपत्रांतील मथळे बदलल्यावर या मुलांजवळ कोण राहणार, हा खरा प्रश्न होता. धाराशिव जिल्ह्यात या प्रश्नाला जी उत्तरे मिळाली, ती आजही बालसेवेच्या कार्यात पडू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासण्याजोगी आहेत.

थांबून राहिलेली माणसे

तुळजापूर तालुक्यात नळदुर्गजवळ अलियाबाद येथे ‘आपलं घर’ हा प्रकल्प भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी उभा राहिला. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतील कार्यकर्ते आणि ज्येष्ठ समाजवादी नेते पन्नालाल सुराणा यांचा त्यामागे पुढाकार होता. मुलांना आपल्याच मुलखात, आपल्या बोलीत, ओळखीच्या शेताशिवारात वाढता यावे, हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य होय.

दुसरे उदाहरण भारतीय जैन संघटनेचे आहे. शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली या संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्यास नेली आणि त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. वाघोली येथील शैक्षणिक पुनर्वसन केंद्राचे कार्य यातूनच वाढले. पुढे आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलांनाही तेथे आश्रय मिळाला.

याच वर्षी, परंतु वेगळ्या कारणाने, तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानचा प्रकल्प सुरू झाला. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्यांना १९५२ मध्ये कायद्याने मुक्ती मिळाली. समाजाच्या मनातील संशय मात्र पुसला गेला नाही. पारधी व अन्य भटक्या जमातींच्या मुलांसाठी येथे निवासी शाळा उभी राहिली. या कार्याशी निगडित असलेले गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री किताब जाहीर झाला.

या तिन्ही संस्थांची विचारधारा निरनिराळी आहे आणि कार्यपद्धतीही एक नाही. एक गोष्ट मात्र समान आहे. मदतीची लाट ओसरल्यावरही त्यांतील कार्यकर्ते जागचे हलले नाहीत.

न दिसणारी निराधारता

भूकंपाचे दुःख साऱ्या जगाला दिसले. आजच्या निराधार बालकांचे दुःख बहुधा गावालाच दिसते, आणि कित्येकदा गावही त्याकडे नेहमीचेच म्हणून पाहते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत या जिल्ह्याचा समावेश झाला. अवर्षण, कोरडवाहू शेती आणि रोजगाराची टंचाई यांमुळे कळंब, वाशी, भूम यांसारख्या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. मुलांना सोबत न्यावे तर शाळा तुटते आणि मागे ठेवावे तर सांभाळणारे कोणी नसते. मुलगी मोठी होऊ लागली की तिच्या सुरक्षिततेच्या धास्तीने तिचा विवाह अकालीच उरकून टाकला जातो.

यांखेरीज एक पालक गमावलेली मुले, दीर्घ आजाराने अंथरुणास खिळलेल्या पालकांची मुले, कर्जबाजारीपणाला कंटाळून जीवन संपविलेल्या शेतकऱ्यांची मुले आणि २०२० व २०२१ च्या कोविड साथीत छत्र हरपलेली मुलेही गावोगावी आहेत. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ही संज्ञा व्यापक अर्थाने वापरली आहे. तीत अनाथ व सोडून दिलेल्या बालकांबरोबरच बेकायदेशीरपणे कामास जुंपलेले, भीक मागणारे आणि ज्याच्या बालविवाहाचा धोका निकट आहे असे बालकही येते.

संस्था हा शेवटचा उपाय

गरीब वा एकाकी बालक दिसताच त्यास बालगृहात धाडावे, अशी अनेक सज्जनांची समजूत असते. कायद्याचे तत्त्व याहून वेगळे आहे. बालकाचे संगोपन ही प्रथम त्याच्या कुटुंबाची जबाबदारी असून संस्थेतील प्रवेश हा सर्वांत शेवटचा उपाय होय, असे २०१५ चा अधिनियम सांगतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वांचा आशयही हाच आहे.

या भूमिकेस शास्त्रीय आधार आहे. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० च्या सुमारास सुरू झालेल्या एका अभ्यासात अनाथालयांतील काही लहान बालकांना प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले. संस्थेतच राहिलेल्या बालकांच्या तुलनेत त्यांची बौद्धिक वाढ अधिक चांगली झाल्याचे आढळले. ज्यांना लवकर कुटुंब लाभले, त्यांना लाभ अधिक झाला. अन्न, वस्त्र आणि निवारा यांबरोबरच ओळखीचे, रोज भेटणारे, आपले म्हणता येईल असे माणूस बालकाच्या वाढीस आवश्यक असते.

म्हणूनच आजी-आजोबांजवळ, मामा-काकांजवळ वा एकट्या आईजवळ राहणाऱ्या बालकास तेथेच बळ देणे ही पहिली सेवा ठरते. यासाठी राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून या योजनेखालील साहाय्य दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. कोविडमुळे दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदतठेव ठेवण्याचा निर्णय शासनाने २०२१ मध्ये घेतला. परंतु मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, शिधापत्रिका आणि बँक खाते यांची जुळवाजुळव करणे हे निरक्षर आजीच्या आवाक्यातील काम नसते. एखाद्या शिक्षकाने वा पदवीधर तरुणाने तिच्यासोबत दोन वेळा तालुक्यास जाणे, ही सेवा लहान वाटली तरी एका बालकाचे घर टिकविणारी असते.

स्वयंसेवकाने काय करावे?

ज्या बालकांना संस्थेवाचून गत्यंतर नसते, त्यांच्यासाठी संस्था हवीच, आणि संस्थेला स्वयंसेवकही हवेत. वाढदिवसानिमित्त गोडाचे जेवण देणे, वह्या वाटणे, मुलांसमवेत छायाचित्र काढून परतणे अशा भेटींना आज तोटा नाही. त्यांमागील भावना चांगली असली, तरी दर आठवड्यास नवा काका वा नवी मावशी येते, माया लावते आणि पुन्हा कधी दिसत नाही, हा अनुभव अगोदरच दुरावा सोसलेल्या बालकास पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.

याउलट, दर शनिवारी ठरल्या वेळी येऊन वाचनात मागे पडलेल्या पाच मुलांना वर्षभर शिकविणारा निवृत्त शिक्षक संस्थेला खरा उपयोगी पडतो. त्याचप्रमाणे महिन्यातून एकदा तपासणी करून प्रत्येक बालकाची आरोग्यनोंद ठेवणारा डॉक्टर, हिशेब तपासून देणारा लेखापाल, शिवणकाम वा वीजजोडणी शिकविणारा कारागीर यांची संस्थांना गरज असते. स्वयंसेवकाने आपल्याला झेपेल तेवढेच काम पत्करावे, परंतु ते किमान एक शैक्षणिक वर्ष तरी निभवावे. येणे जमणार नसेल तर आधी कळवावे. निरोप घ्यावयाचा असेल, तर मुलांना सांगूनच घ्यावा.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बालगृह सोडणाऱ्या युवकांकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे. त्यांच्यासाठी कायद्यात अनुरक्षणाची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण ठेवले. मात्र त्याचा लाभ अनाथ प्रमाणपत्रावर अवलंबून असतो. हे प्रमाणपत्र वेळेत मिळाले किंवा नाही, आधारपत्रावरील नाव शाळेच्या दाखल्याशी जुळते किंवा नाही, हे पाहणारे घरचे कोणी या मुलांना नसते. तेथे स्वयंसेवकाने पालकाची जागा घ्यावी.

कायदा आणि दक्षता

बालकांजवळ जाण्याची मुभा ही मोठी जबाबदारी आहे. प्रत्येक बालसंस्थेस शासनाची नोंदणी बंधनकारक असून विनानोंदणी संस्था चालविणे हा गुन्हा होय. तेव्हा देणगी वा सेवा देण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र पाहण्यास मागणे यात अवमान मानण्याचे कारण नाही. संस्थेनेही स्वयंसेवकाची ओळख व पूर्ववृत्त तपासावे, त्याचा हजेरीपट ठेवावा आणि त्यास बालकासमवेत एकांतात ठेवू नये. चांगल्या हेतूने येणाऱ्या माणसास या तपासणीचा राग येत नाही.

काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, छायाचित्र वा ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या अधिनियमाने मनाई केली आहे. भ्रमणध्वनीवरून सहज प्रसृत केलेले छायाचित्रही यात मोडते. लैंगिक अत्याचाराची माहिती वा शंका असल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या कायद्यान्वये प्रत्येकाचे कर्तव्य आहे. गावाची अब्रू वा संस्थेचा लौकिक यासाठी ती दडवून ठेवणे शिक्षेस पात्र ठरते.

एखादे बालक हरवलेले वा टाकून दिलेले आढळल्यास ते परस्पर कोणाच्या ओटीत घालू नये. अपत्यहीन दांपत्याविषयीची कणव कितीही खरी असली, तरी अशी सोपवणूक बेकायदेशीर असते. पोलीस, १०९८ हा दिवसरात्र चालणारा दूरध्वनी क्रमांक किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांना तत्काळ कळवावे. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बालकास बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. दत्तकविधानाचा मार्ग त्यानंतर, विहित पद्धतीनेच मोकळा होतो.

पंचायत आणि शाळा यांचे स्थान

संस्था जिल्ह्यात मोजक्याच असतात. ग्रामपंचायत आणि शाळा मात्र गावोगावी आहेत. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती स्थापन करण्याची तरतूद असून तिचे सचिवपद अंगणवाडी सेविकेकडे असते. ही समिती कागदावरच राहते की कामास लागते, हे पंचायत सदस्यांच्या आस्थेवर ठरते. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च व्हावयाची असते. तिचा विनियोग सुचविण्याचे कामही ही समिती करू शकते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची व्यवस्था आहे. मुले गावातच नातेवाइकांकडे राहतात आणि त्यांच्या भोजनाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. जी मुले पालकांबरोबर जातातच, त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे जेथे फड असेल तेथील शाळेत प्रवेश मिळणे सुलभ होते. मागे राहिलेल्या मुलांसाठी सायंकाळचा अभ्यासवर्ग चालविणे, आजी आजारी पडली तर चौकशी करणे, मोठ्या मुलींच्या घरी अंगणवाडी सेविका वा आशा कार्यकर्तीची फेरी राहील असे पाहणे, ही कामे गावातील तरुण मंडळे व महिला बचत गट सहज उचलू शकतात. बालविवाहाची कुणकुण लागल्यास गावपातळीवर ग्रामसेवक, म्हणजेच आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, हे प्रत्येक सदस्यास ठाऊक असावे. मांडव पडण्यापूर्वी आईवडिलांची समजूत घालणे, मांडवात पोलीस नेण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर!

हे सारे वेळेवर व्हावयाचे तर आरंभ दसऱ्यापूर्वी करावा लागेल. मुकादमांची वाहने गावात येण्याआधी मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका आणि पंचायत सदस्य यांनी एकत्र बसून एक साधी यादी करावी : कोणते कुटुंब जाणार, त्यात मुले किती, ती कोणाजवळ राहणार आणि त्यांच्याकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी गावातील कोणाची. या शेवटच्या रकान्यात प्रत्येक मुलापुढे एका माणसाचे नाव लिहिले गेले आणि उन्हाळ्यात कुटुंबे परतेपर्यंत त्या माणसाने आपला शब्द पाळला, तर शाळा उघडेल तेव्हा हजेरीपटावर एकही नाव कमी झालेले नसेल.