चाकूरच्या काळ्या रानाला किती एचपी?

चाकूर परिसरात कुणी नवा ट्रॅक्टर दारात आणला की बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती एचपीचा घेतला? उत्तर पन्नासच्या घरात असलं की माना डोलतात, पस्तीस म्हटलं की लगेच तोंडं फिरतात. खरं तर एचपीचा आकडा नंतर यायला हवा. आधी विचारावं ते रान कसलं आहे आणि त्यात कोणतं अवजार चालवायचं आहे.

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या या तालुक्यात दोन तऱ्हेची जमीन भेटते. माळावर मुरमाड, हलकी. ओढ्या-नद्यांच्या काठी भारी काळी. काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा त्यातूनच येतात. पावसाळ्यात चाकाला लडबडणारी आणि एप्रिलमध्ये दगडासारखी ढेकळं देणारी माती ती हीच. ट्रॅक्टरची ताकद तपासते तीही हीच.

नांगराला जमीन किती विरोध करते, हे मोजता येतं. नांगर जमिनीत जेवढं तोंड कापतो, त्याच्या दर चौरस सेंटिमीटरला किती किलो ओढ लागते, असा हा हिशेब असतो. हलक्या जमिनीत ही ओढ ३०० ते ४०० ग्रॅमच्या आसपास राहते. भारी काळ्या रानात ती ८०० ग्रॅमपर्यंत जाते आणि जमीन वाळलेली असेल तर त्याहूनही वर.

आता दोन फाळी पलटी नांगर घेऊ. प्रत्येक फाळ ३० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल चालला, तर कापलेलं तोंड होतं १२०० चौरस सेंटिमीटर. त्याला ८०० ग्रॅमने गुणलं की ओढ निघते ९६० किलो. ताशी ४ किलोमीटर वेगाने एवढी ओढ देत राहायला सुमारे १४ एचपी लागतात. हाच नांगर मुरमाड माळावर याच्या निम्म्या ताकदीत चालतो.

मग १४ एचपीचं काम करायला ४५ एचपीचं इंजिन कशाला? कारण इंजिनातली सगळी ताकद नांगरापर्यंत पोचत नाही. थोडी गिअरमध्ये जाते, थोडी चाकं मातीत रुतण्यात, थोडी चाकं जागच्या जागी फिरण्यात. मऊ रानात इंजिनाची जेमतेम निम्मी ताकद ओढीच्या कामी येते. म्हणजे १४ साठी २८ हवेत. वर मध्येच लागणारा कडक पट्टा, चढ आणि इंजिनाला दम राहावा म्हणून ठेवायची शिल्लक धरली की हिशेब चाळिशीत पोचतो. दोन फाळी पलटीला ४५ एचपी लागतो असं शेतकरी अनुभवाने सांगतात, त्याच्या मागे एवढं गणित आहे.

ताकदीइतकंच महत्त्व वजनाला आहे, आणि खरेदीच्या वेळी नेमकं तेच विसरलं जातं. शेतात ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या साधारण निम्म्याएवढीच ओढ देऊ शकतो. ४५ एचपीचा ट्रॅक्टर १९०० किलोंच्या आसपास भरतो, त्यामुळे ९६० किलोंची ओढ त्याला कशीबशी पेलते. मिनी ट्रॅक्टर आठ-नऊशे किलोंचा. त्याला कितीही दमदार इंजिन बसवलं तरी भारी रानात पलटी नांगर लावला की चाकं गरगर फिरतील, नांगर हलणार नाही. मागच्या चाकांना लोखंडी वजनं लावतात किंवा टायरमध्ये पाणी भरतात ते याचसाठी.

चाक किती घसरतंय हे कुणालाही तपासता येतं. मागच्या टायरवर खडूने एक खूण करायची. नांगर उचलून ट्रॅक्टर चालवायचा आणि चाकाचे दहा फेरे होईतो किती अंतर कापलं ते मोजायचं. मग नांगर जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे. पहिलं अंतर ४० मीटर आणि दुसरं ३४ भरलं, तर चाक १५ टक्के घसरतंय. आठ ते पंधरा टक्के घसरण चांगली समजली जाते. त्याहून जास्त असेल तर डिझेल आणि टायर दोन्ही फुकट झिजतात. घसरण अगदीच नगण्य असेल तर ट्रॅक्टर कामाच्या मानाने जड आहे, गरजेपेक्षा जास्त लोखंड रानातून फिरतंय. नवा ट्रॅक्टर घेण्याआधी विक्रेत्याला आपल्याच रानात प्रात्यक्षिक द्यायला लावावं आणि ही चाचणी त्याच्यासमोर करावी. रस्त्यावर पळवून दाखवलेला ट्रॅक्टर काहीच सांगत नाही.

रोटाव्हेटरचं गणित वेगळं. तो ओढायचा नसतो. मागच्या पीटीओ शाफ्टवर फिरतो आणि त्याची पाती उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतात. इथे वजनापेक्षा पीटीओवर मिळणारी ताकद मोजायची. पाच फुटी रोटाला ३५ ते ४० एचपीचा ट्रॅक्टर पुरतो, सहा फुटीला ४५ च्या पुढे हवा.

आता वेळेचा प्रश्न. मोठा ट्रॅक्टर घेणाऱ्याचं म्हणणं असतं, वाफसा आला की काम एका दमात उरकलं पाहिजे. मुद्दा रास्त आहे. काळ्या रानाचा वाफसा मोजके दिवस टिकतो. आधी गेलं तर चिखल, उशीर झाला तर ढेकूळ. पण इथेही आकडेमोड करून बघावी. सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर पेरणारं चार ओळींचं रुंद सरी वरंबा यंत्र ताशी ४ किलोमीटर वेगाने, वळणं आणि बियाणं भरणं धरून, तासाला एक एकराहून थोडं जास्त पेरतं. आठ तासांत नऊ एकर, तीन दिवसांत पंचवीस-सत्तावीस एकर. एवढ्या कामाला ४५ एचपी पुरेसा आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने आणि कृषी विभागाने या भागात ही पेरणीपद्धत नेटाने पुढे नेली. तिच्या सरीतून जास्तीचं पाणी निघून जातं आणि उघडिपीत वरंब्यात ओल टिकते.

आणि ज्याचं रान पाचच एकर आहे त्याचं काय? कृषी अभियांत्रिकीत ट्रॅक्टरचा खर्च काढताना वर्षाला १००० तास काम धरण्याची रीत आहे. पाच एकर नांगरायला अकरा-बारा तास लागतात, रोटाला सहा, पेरणीला पाच, दोन पाळ्यांना दहा. मळणी आणि ट्रॉलीच्या खेपा धरल्या तरी वर्षाचे पन्नास-साठ तास होतात. उरलेले तास दुसऱ्याच्या रानात भाड्याने चालले नाहीत, तर हप्ता सोयाबीनच्या पैशातून भरावा लागतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. अशा शेतकऱ्याने स्वतःचा ट्रॅक्टर न घेता भाड्याने किंवा गटाच्या अवजार बँकेतून काम करून घेणं, हाच बहुतेक वेळा योग्य आकाराचा निर्णय असतो.

२०२५ च्या पावसाळ्यात शेजारच्या अहमदपूर तालुक्यातलं एक वृद्ध जोडपं, बैल आणि ट्रॅक्टर परवडत नाही म्हणून, स्वतःच औत ओढताना साऱ्या देशाने पाहिलं. माणूस दिवसभर जेमतेम एक दशांश एचपी देऊ शकतो, बैलजोडी एक एचपीच्या आसपास. गावोगावी पन्नास एचपीचे ट्रॅक्टर वर्षातले कितीतरी महिने उभे असताना असं दृश्य दिसावं, याचं दुःख आकड्यांनी कमी होत नाही. अवजार बँका गावापर्यंत पोचायला हव्यात, त्या अशा शेतकऱ्यांसाठी.

मोठ्या ट्रॅक्टरची आणखी एक किंमत जमीन मोजते. ओल्या काळ्या मातीवरून जड चाक गेलं की मातीतली हवेची छिद्रं दबतात, आणि सर्वांत जास्त दाब पहिल्याच फेरीत बसतो. वरची माती पुढच्या पाळीत मोकळी होते. दर एक्सलवर जितकं वजन जास्त तितका दाब खोल जातो आणि तिथला थर घट्ट होऊन बसतो. दरवर्षी एकाच खोलीवर नांगर किंवा रोटा चालवूनही असाच थर तयार होतो. त्यावर पाणी साचतं, सोयाबीन पिवळी पडते, तुरीचं सोटमूळ खाली न जाता आडवं वळतं. फळबागेत आंतरमशागतीला किंवा पिकाच्या ओळींत कोळपणीला हलका, अरुंद मिनी ट्रॅक्टर म्हणूनच बरा. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना राज्य सरकार ९ ते १८ एचपीचे मिनी ट्रॅक्टर ९० टक्के अनुदानावर देतं. त्यांचा उपयोग हलक्या कामात आहे. पलटी नांगराची अपेक्षा त्यांच्याकडून करू नये.

५० एचपीच्या उंबरठ्यावर अजून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १ जानेवारी २०२३ पासून ३७ किलोवॅट, म्हणजे सुमारे ५० एचपी आणि त्यावरच्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यांची इंजिनं महागडी, दुरुस्तीही इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर अवलंबून. या रेषेच्या किंचित खाली बेतलेली मॉडेलं बाजारात भरपूर दिसतात ती यामुळे. ऊस वाहतुकीचं भरवशाचं काम किंवा मोठं भाड्याचं काम हाती नसेल, तर चाकूरच्या शेतकऱ्याला ही रेषा ओलांडायचं कारण नाही.

विक्रेत्याच्या शब्दावर किती विसंबावं, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने घेतलेला ट्रॅक्टर सांगितल्याप्रमाणे चालेना. पुढे तो विधिमंडळात गेला आणि १९१९ मध्ये, चाचणीशिवाय ट्रॅक्टर विकायला बंदी घालणारा कायदा त्याने मंजूर करून घेतला. भारतात हे काम मध्य प्रदेशातल्या बुधनीची केंद्रीय संस्था करते. तिच्या चाचणी अहवालात इंजिनाची जाहीर एचपी तर असतेच, शिवाय पीटीओवर प्रत्यक्ष मिळालेली ताकद, जास्तीत जास्त ओढ, ट्रॅक्टरचं वजन, लिफ्टची उचलक्षमता आणि डिझेलचा खप हेही मोजून दिलेलं असतं. सही करण्याआधी विक्रेत्याकडे तो अहवाल मागा, त्यातली ओढ आपल्या नांगराला लागणाऱ्या ओढीशी ताडून बघा, आणि मगच किमतीवर बोला.