‘गौरव’ : मत की वजन?

नव्या करारात ‘गौरव’ या अर्थी येणारा ग्रीक शब्द ‘डॉक्सा’ हा मूळचा ‘मत’ या अर्थाचा होय. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तो हिब्रू ‘काबोद’साठी योजिला गेला. ‘काबोद’चा धातू मात्र जडपणाचा वाचक आहे, आपला ‘गौरव’ही ‘गुरु’ म्हणजे जड यापासूनच साधला आहे.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (२:३) पौल नम्रतेच्या विरोधी ‘केनोडॉक्सिया’, म्हणजे पोकळ गौरव, मांडतो. त्यात लोकांचे मत आहे, वजन नाही, असे म्हणता येईल. करिंथकरांस पहिल्या पत्रात (४:३-५) लोकांनी केलेली पारख तो क्षुल्लक मानतो. स्वतःचा निवाडाही स्वतः न करता प्रभूवर सोपवितो. तेव्हा आत्मनिंदा म्हणजे नम्रता नव्हे. तोही आपणच दिलेला निकाल होय. तराजू आपल्या हाती नाही हे ओळखणे, हीच ख्रिस्ती नम्रता.