दिन की दीन?

पंधरा ऑगस्ट जवळ आला की गावोगावी फलक लागतात. एखाद्या फलकावर तुम्हीही वाचले असेल, 'स्वातंत्र्य दीन चिरायू होवो!' आता 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, लाचार. एका वेलांटीपायी आपले स्वातंत्र्यच लाचार होऊन बसते!

ही चूक अडाणीपणाची नव्हे, ती आपल्या मायबोलीच्या सवयीची आहे. तीस, वीट, कोल्हापूर, निवडणूक हे शब्द म्हणून पाहा. शेवटच्या अक्षराला काना-मात्रा नसली की त्याआधीची वेलांटी किंवा उकार मराठीत लांबतो. पुढे प्रत्यय लागला की तोच आखडतो: कोल्हापुरात, निवडणुकीत. 'दिन' मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून तो ऱ्हस्वच राहतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या लेखननियमांतही हेच धोरण आहे.

काही चुका जिभेच्या असतात. ठरावात 'येकमताने' लिहिले जाते, 'अविश्वास'चा 'अविस्वास' होतो. पण जुन्या मोडी कागदांतही 'येक' सापडतोच. आपण रोज लिहितो तो 'जिल्हा' मूळचा अरबी. त्यातला 'ल्हा' आपल्याच पूर्वजांच्या तोंडचा, आणि आज तोच शुद्ध! 'पंचायत' आणि अडचणीची 'पंचाईत' हीसुद्धा एकाच घरची भावंडे.

तेव्हा 'येकमताने' लिहिणाऱ्याला कुणी हसू नये. हसण्याच्या भीतीने माणूस लिहायचेच सोडतो आणि मग दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर मुकाट्याने सही करतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, ते काय सहीपुरते? महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. निवडून आलेल्या आमच्या मायबहिणींनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

वेलांटी चुकली तर ती नंतर सुधारता येते. पण गट नंबर, रक्कम, माणसाचे नाव आणि 'मंजूर' की 'नामंजूर' एवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. सही करण्यापूर्वी सबंध ठराव सभेत मोठ्याने वाचायला लावा. मतदार यादीत नाव चुकले असेल तर नमुना क्रमांक ८ भरून ते दुरुस्त करून घ्या.

आणि फलक रंगवणाऱ्याला एवढे सांगा, 'दिन'ची वेलांटी पहिली घाल, बाबा!