सात रंगांच्या सात तारा

आपण फ्रिस्कोकर दिवसातून दहादा गावाचे नाव घेतो, पण ते मुळात एका रेल्वेचे नाव आहे हे किती जणांच्या लक्षात असते? १९०२ साली सेंट लुईस–सॅन फ्रान्सिस्को रेल्वेचे रूळ इथून गेले आणि तिच्या 'फ्रिस्को' या टोपणनावावरून गावाचे बारसे झाले. ती कंपनी १९८० साली बर्लिंग्टन नॉर्दर्नमध्ये विलीन झाली. नाव मात्र आपल्याकडे राहिले.

त्याच फ्रिस्को लाइनच्या रंगातले एक जुने डिझेल इंजिन आमच्या धाकट्याने खाऊच्या पैशातून घेतले. खरे नव्हे, एचओ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. त्या वेळी बाबा कल्याणहून सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांची उभी हयात लोको शेडमध्ये, मोटरी दुरुस्त करण्यात गेली. इथे मात्र दिवस जाता जात नव्हता. नातवाचे मराठी अडखळते, आजोबांचे इंग्रजी रेल्वेपुरते. "जेवलास का?" आणि "हो" यापुढे गाडी सरकत नव्हती.

धाकट्याला इंजिन डिजिटल करायचे होते. जुन्या पद्धतीत रुळांतली वीज थेट मोटरला मिळते, त्यामुळे एका रुळावरची सगळी इंजिने एकदमच धावतात. डिजिटल पद्धतीत रुळांत कायम वीज असते आणि तिच्यातूनच हुकूमही जातात. प्रत्येक इंजिनात बसवलेला डिकोडर फक्त आपल्या नंबरचा हुकूम ऐकतो आणि मोटर चालवतो. रविवारी आम्ही बापलेक बसलो, तारा जोडल्या, इंजिन रुळावर ठेवले. एक बारीक धुराची रेघ, जळका वास, आणि तीस डॉलर गेले! पोरगा रडवेला झाला.

बाबांनी चष्मा लावला आणि एकच विचारले, "अर्थ तपासला होता का?"

शेडमध्ये मोटर जोडण्याआधी मेगर लावून तिचे वाइंडिंग कुठे बॉडीला लागलेले नाही ना, हे पाहतात. आमची चूक नेमकी तीच होती. जुन्या मॉडेलांत मोटरचा एक ब्रश बहुधा इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो आणि सांगाडा एका रुळाला जोडलेला असतो. जुन्या पद्धतीत ते चालते. पण डिकोडर बसवल्यावर रुळाची वीज उलट्या वाटेने त्याच्या मोटरच्या तारेत शिरते आणि तो जळतो.

दुसऱ्या वेळी आजोबा–नातवाने केले ते असे. मोटर बाहेर काढली. खालच्या ब्रशची पट्टी सांगाड्यापासून सोडवली आणि मध्ये उष्णता सोसणारी कॅप्टन टेप लावली. मग मल्टिमीटरने मोटरची दोन्ही टोके दोन्ही बाजूंच्या चाकांशी आणि सांगाड्याशी ताडून पाहिली. कुठेही जोड दिसता कामा नये. (इथे खरा मेगर लावू नका, त्याचा दाब या चिमुकल्या मोटरला सोसणार नाही.) नंतर १२ व्होल्टवर चाके क्षणभर धरून मोटर किती अँपिअर ओढते ते मोजले. डिकोडरची क्षमता त्याहून जास्त हवी.

तारांचे रंग ठरलेले आहेत. लाल उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची. नारिंगी व करडी मोटरच्या. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या आणि निळी दोन्ही दिव्यांची सामाईक. दिवा एलईडीचा असेल तर १००० ओहमचा रेझिस्टर हवाच. प्रत्येक डाखावर हीट श्रिंक नळी चढवा. साधी चिकटपट्टी गरम झाली की सुटते.

पहिली चाचणी मुख्य रुळावर नको, प्रोग्रॅमिंगच्या रुळावर करा. तिथे वीज मर्यादित असते, म्हणून जोडणी चुकली तरी डिकोडर बहुधा वाचतो. 'उत्तर नाही' असे आले तर आधी चाके पुसा, मग मोटरच्या तारा पाहा, कारण डिकोडर मोटरला झटका देऊनच उत्तर देतो. इंजिन उलटे धावले तर नारिंगी व करडी तारांची अदलाबदल करा. आठ पिनांचा प्लग असेल, इंजिन उलटे धावते आणि दिवेही लागत नाहीत, तर प्लग फिरवून बसवला आहे असे समजा. काहीच सुधरत नसेल तर बऱ्याच डिकोडरमध्ये आठव्या सीव्हीत ८ लिहिले की तो मूळ स्थितीत येतो, आणि नंबर पुन्हा ३ होतो.

या कामाला तीन संध्याकाळी लागल्या. त्या तीन दिवसांत धाकटा 'डाख', 'पकड', 'जरा धीर धर' हे शब्द शिकला आणि आजोबा 'सीव्ही' म्हणू लागले. इंजिन सुरू झाले तेव्हा बाबांनी हिरवा रुमाल हलवला.

बाबा दसऱ्याआधी परतले. आता रविवारी फोनवर पहिला प्रश्न "जेवलास का?" नसून "इंजिन कसे आहे?" असा असतो, आणि फोन आमच्या हाती यायला अर्धा तास लागतो.

तुमच्या घरी असे बंद पडलेले इंजिन असेल तर संक्रांतीच्या कार्यक्रमाला जरूर घेऊन या. मल्टिमीटर आमचा, तिळगूळ मंडळाचा!